आधीं सांधे, मग अलाइनमेंट

शेतीस जोडधंदा म्हणून प्रवासी वाहन बाळगण्याची चाल आतां आपल्या वर्गांत रुळली आहे. तीस आमची हरकत नाहीं. परंतु बैल लंगडूं लागला तर खूर उचलून पाहिल्यावांचून आपण त्यास जुंपीत नाहीं. आणि मोटारीचा पुढील टायर एका कडेनें झिजला असतां मात्र नवा टायर घालून मोकळे होतों, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

आमच्या पुतण्याकडे जपानी बनावटीची टोयोटा हायेस व्हॅन आहे. तींतून वारकरी मंडळी पंढरपुरास जातात. खड्ड्यांच्या रस्त्यांवर पुष्कळ चालल्यावर तिच्या उजव्या पुढील टायराची आंतली कड झिजून तारा दिसूं लागल्या. एका गॅरेजांत तीन वेळां अलाइनमेंट केली, तिन्ही वेळां पैसे मोजले, खोड कायम. शेवटीं एका वृद्ध मिस्त्रीनें चाक जॅकवर उचलून माथ्यास व तळास धरून हालविलें, तों तें खडखडलें. त्यानें पोराकडून ब्रेक दाबविला. तरीही खडखड राहिली, तेव्हां दोष बेअरिंगचा नसून बॉल जॉइंटचा आहे, असें त्यानें ठरविलें. हा सांधा निखळल्यास चाक आडवें पडतें व गाडी ताब्यांत राहत नाहीं. आणि आंत डझनभर माणसें बसलेलीं असतात!

महसूल कचेरींत असतां आम्ही मोजणीचीं प्रकरणें पुष्कळ पाहिलीं. ३३ फुटी साखळीच्या कड्या ताणल्या असतील तर कितीही जपून मोजा, गुंठा चुकणारच. ढिल्या सांध्यावर बसविलेले चाकाचे कोन त्याच जातीचे. यंत्रावर बरोबर दिसतात, पहिल्या खड्ड्यांत बिघडतात. शिवाय २००४ सालीं निघालेल्या पिढीच्या हायेसमध्यें पुढें स्प्रिंगऐवजीं टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी पोलादी कांब असते. ती वर्षानुवर्षांच्या ओझ्यानें बसली कीं गाडीची पुढील उंची घटते व कोन फिरतात. ती उंची न तपासतां केलेली अलाइनमेंट आम्ही अलाइनमेंट मानीत नाहीं.

सबब गॅरेजवाल्यानें सांधे हालवून दाखविल्याखेरीज गाडी यंत्रावर चढवूं देऊं नये, आणि कामाआधींचे व नंतरचे आंकडे असलेला छापील कागद घेतल्याविना पैसे देऊं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. कागद इंग्रजींत असतो ही तक्रार ऐकूं येते. ती आम्हांस मान्य नाहीं. सात-बारा बारकाईनें वाचणाऱ्यास दोन रकान्यांतील आंकडे ताडून पाहणें जड जाऊं नये.