हळू चला, पण जॅकेट घाला

सोलापूरचा मे महिना म्हणजे काय चीज आहे, हे होस्टेलवाल्यांना सांगायला नको. पारा 43 च्या पुढे, पंखा गरम हवा फेकतोय, टाकीतल्या पाण्यात हात घालवत नाही आणि डोक्यावर सबमिशन! अशाच एका दुपारी इरिगेशनच्या तासाला सरांनी फ्रान्समधल्या ‘कॅनाल द्यु मिदी’ या कालव्याचा विषय काढला.

रिके नावाच्या माणसाने उभारलेला हा कालवा 1681 साली पूर्ण झाला. लांबी सुमारे 240 किलोमीटर. वरच्या बाजूला धरण बांधून त्यात पाणी आणलं आणि लॉकच्या पायऱ्यांनी बोटी डोंगर चढवल्या-उतरवल्या. आता तिथे मालवाहतूक नाही. लोक उन्हाळ्यात बोट घेऊन झाडांच्या सावलीतून आठवडाभर फिरतात. वेगाची मर्यादा ताशी 8 किलोमीटर, कारण जोरात गेलं की लाटांनी काठ ढासळतो.

मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, त्यापेक्षा आमची सायकल बरी की!” सगळा वर्ग हसला. मीपण हसलो.

मित्रांनो, ते हसू चुकीचं होतं हे मला पीएलमध्ये कळलं. माझा रूम पार्टनर करमाळा तालुक्यातला. त्याच्या गावाला गेलो, तर तिथून पलीकडे इंदापूरच्या बाजूला जायला लाँच! रस्त्याने जायचं तर केवढा तरी वळसा. लाँचमध्ये दोन मोटारसायकली, चार पोती, बाजाराला निघालेल्या दोन मावश्या आणि आम्ही. इंजिनाची धडधड, पाण्यावरून येणारा जरासा गार वारा. मी दोनदा घड्याळ बघितलं, तसे शेजारचे आजोबा म्हणाले, “घाई हाय का पोरा? पाणी काय पळून जातंय व्हय?”

मग त्यांनीच बोट दाखवलं. “हितं खाली आमचं जुनं गाव हाय.”

मी गप्पच झालो. 1980 साली पूर्ण झालेलं उजनी धरण म्हणजे आपल्यासाठी 117 टीएमसी, उसाचा पट्टा आणि सोलापूरचे नळ. धरण ‘मायनस’मध्ये गेलं की आपल्याला आठवण येते ती बादलीची. आजोबांना मात्र पाणी उतरलं की जुन्या भिंती आठवतात. पलीकडे पळसदेवचं जुनं देऊळसुद्धा असंच पाणी ओसरलं की वर येतं. एस.टी.च्या खिडकीतून हे मला कधी दिसलं नसतं. हळू गेलो म्हणून दिसलं, म्हणून तर आजोबा बोलले.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. मध्यावर आल्यावर पश्चिमेला आभाळ काळं झालं. मावश्यांची बडबड थांबली. 21 मे 2024 ची संध्याकाळ कुणी विसरलेलं नव्हतं. त्या दिवशी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आमच्या अख्ख्या लाँचमध्ये कुणाच्याच अंगात लाइफ जॅकेट नाही. माझ्याही नाही, आणि मी ते मागितलंही नव्हतं! आम्ही सुखरूप पोचलो, पण ते नशिबाने. नशीब हा काही डिझाइन फॅक्टर नव्हे.

माझं म्हणणं साधं आहे. बोट हळू जाते यात लाजण्यासारखं काही नाही. फ्रान्समध्ये ती हौस आहे, उजनीकाठी ती गरज आहे. ज्यांची गावं धरणाने घेतली, त्यांच्याच रस्त्यावर आज पाणी आहे. पूल व्हावेत, नक्की व्हावेत. पण पूल होईपर्यंत माणसं थांबणार आहेत का? त्यांना आज तीन गोष्टी हव्यात : प्रत्येकाला जॅकेट, बोटीवर माणसांची आणि वजनाची ठळक मर्यादा, आणि वळवाचं आभाळ दिसलं की फेरी बंद. अरुंद कालव्यात वाऱ्याला धावायला जागा नसते, उजनीच्या उघड्या पाण्यावर ती मैलोन्‌मैल असते. लाट तिथेच मोठी होते. हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये घोकतो आणि परीक्षा झाली की विसरतो.

दरवर्षी आपल्याकडे तेच ते प्रोजेक्ट सीनियरच्या सीडीवरून उतरवले जातात. त्याऐवजी काठावर वाऱ्याचा वेग मोजून लाल दिवा आणि भोंगा लावणारं एखादं स्वस्त यंत्र का करू नये? मेकॅनिकलवाल्यांनी लाँचच्या स्थिरतेचा हिशोब मांडावा, सिव्हिलवाल्यांनी पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होणारा धक्का. वायवाला एक्स्टर्नल काय विचारतील माहीत नाही, पण त्या मावश्या नक्की विचारतील, “चालतंय का रे बाबा हे?”

आणि तोवर, सुट्टीत कुणी उजनीवर जाणार असाल तर एक करा. चढण्याआधी जॅकेट मागा. नसेल तर उतरा. नाहीतरी घाई कुणाला आहे?