जिल्हा परिषदेची वकिली कोण करणार?

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. ज्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत मी शिकलो, तिथे आता चार वर्गांना एकच शिक्षक आहे. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर विषय निघाला. कुणी म्हणालं, आमदारांना निवेदन देऊ. कुणाची मुंबईत ओळख होती. आपल्या जिल्हा परिषद सदस्याचं नाव मात्र एकालाही आठवेना. इंजिनिअर झालेल्या मलाही नाही.

आठवणार कसं? राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्याआधी निवडणूक घ्यायची, असं संविधानाचं कलम २४३-ई स्पष्ट सांगतं. तरी निवडणूक घ्या म्हणून ६ मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाला आदेश द्यावा लागला. विधानसभा तीन वर्षं अशी रिकामी राहिली असती तर केवढा गदारोळ झाला असता! जिल्हा परिषदेसाठी कुणी रस्त्यावर आलं नाही.

आणि निवडणूक झाली म्हणजे सगळं झालं असंही नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत २९ विषय दिले. शाळा, आरोग्य, पाणी त्यातच येतात. पण कलम २४३-जी म्हणतं, राज्य हे अधिकार ‘देऊ शकेल’. आमच्या धंद्यात ज्या कामापुढे ‘करता येईल’ असं लिहिलेलं असतं, ते काम कधीच होत नाही. इथेही तेच झालं. शाळा जिल्हा परिषदेची, पण शिक्षकभरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून. जाब एकाला विचारायचा आणि किल्ली दुसऱ्याकडे.

अमेरिकेतल्या ग्रामीण काउंट्यांची अडचणही याच जातीची होती. नेवाडा राज्यात सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची. तिच्यावर काउंटीला कर लावता येत नाही, पण रस्ते, पोलीस, आपत्कालीन सेवा द्याव्याच लागतात. १९३५ पासून काउंट्यांची राष्ट्रीय संघटना आहे. तिने वॉशिंग्टनमध्ये पाठपुरावा केला आणि १९७६ मध्ये कराच्या बदल्यात भरपाई देणारा कायदा झाला. त्या निधीसाठी त्यांना आजही भांडावं लागतं, पण त्यांच्या बाजूने भांडणारं कुणीतरी आहे. आपल्या जिल्हा परिषदेच्या बाजूने कोण आहे? आमदाराला तिथे स्पर्धक तयार व्हायला नको आहे, अधिकाऱ्याला प्रशासक राहणं सोयीचं आहे. उरलो आपण.

‘वक्फ, सुरक्षितता, नोकऱ्या, एवढे प्रश्न असताना हे कुठलं खूळ?’ असं काही मित्र विचारतात. प्रश्न खरे आहेत. पण आपली मुलं आज ज्या वर्गात शिक्षकाविना बसली आहेत, तो वर्ग जिल्हा परिषदेचा आहे. शेजारच्या वाडीतल्या मराठी शाळेचंही हेच रडगाणं आहे. उर्दू शाळेसाठी आपण एकटे गेलो तर ‘मुस्लिमांची मागणी’ म्हणून ती फाइल खाली जाते. दोन्ही शाळांचे पालक मिळून गेले तर ती गावाची मागणी होते. मेहरबानी मागण्यात आपली एक पिढी गेली. आता हक्काने हिशेब मागू या.

मागण्या तीनच. निवडणूक वेळेवर. २९ विषयांचे अधिकार, सोबत पैसा आणि कर्मचारी. आणि प्रत्येक शाळेतल्या रिक्त पदांची यादी शाळेच्या दारावर.

सुरुवात १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपासून करा. पुण्या-मुंबईत नोकरी करत असाल तरी त्या दिवशी गावी जा, ठराव मांडा, तो इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. जिल्हा परिषदेच्या अर्थसंकल्पासाठी माहिती अधिकारात अर्ज टाका. मी माझा अर्ज टाकला आहे. पुढच्या जुम्म्याला मशिदीबाहेर विषय निघेल, तेव्हा निदान सदस्याचं नाव तरी आपल्याला माहीत असू द्या.