टायर घेण्याआधी वाटेचा जमाखर्च मांडा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या नात्यातला एक तरुण संध्याकाळी चिखलाने माखलेला दारात उभा राहिला. सोबत बायको, तिच्या कडेवर तान्हे मूल. हा मुलगा ढोकीत गवंड्याच्या हाताखाली काम करतो आणि राहतो मळ्यातल्या वस्तीवर. त्या दिवशी पाणंदीतून गाडी सुखरूप निघाली आणि डांबरी रस्त्याच्या वळणावर घसरली. वेग कमी होता म्हणून खरचटण्यावर निभावले.

तो म्हणाला, "काका, मागचा टायर आठ दिवसांपूर्वीच टाकलाय, नवा कोरा. मग गाडी घसरली कशी?"

आम्ही टायर पाहिला. मोठमोठ्या गुट्ट्यांचा बटण टायर! "चिखलात हाच पाहिजे," असे कुणीतरी सांगितले आणि याने चार-पाच दिवसांची मजुरी मोजून तो घेतला. वाचक बंधू-भगिनींनो, टायर वाईट नव्हता. त्याच्या वाटेला तो जुळत नव्हता.

बटण टायरच्या गुट्ट्या लांब लांब असतात. त्या मऊ मातीत रुततात, मधल्या फटींतून चिखल बाहेर फेकला जातो. पण डांबरावर फक्त गुट्ट्यांची टोकेच टेकतात. रस्त्याला टेकणारे रबर कमी, म्हणून ओल्या डांबरावर ब्रेक उशिरा लागतो, वळणावर पकड सुटते आणि टायरही लवकर झिजतो. त्यात नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो. तेवढे अंतर सावकाश चालवायचे असते. आणि पाणंदीतून निघालेल्या टायरला चिखल चिकटलेला होताच.

आम्ही पडलो कारकून माणूस. कागद घेतला आणि हिशेब मांडला. डांबरी रस्ता जाऊन-येऊन २४ किलोमीटर, पाणंद ३ किलोमीटर. महिन्याचे २६ दिवस धरले तर डांबर ६२४ आणि पाणंद ७८. म्हणजे शंभरातले जेमतेम ११ किलोमीटर कच्चे, आणि तेही चिखलाचे फक्त पावसाळ्यात! अशा माणसाने मध्यम नक्षीचा, दोन्हीकडे चालणारा टायर घ्यावा. त्याच्या गुट्ट्या जवळजवळ असतात आणि मधली पट्टी जवळपास सलग असते. ज्याची निम्म्याहून जास्त धाव शेतातच आहे, त्याने बटण टायरचा विचार करावा. ज्याची गाडी गावाबाहेर कच्च्याला उतरतच नाही, त्याला साधा रस्त्याचा टायर पुरे.

दुकानात गेल्यावर टायरच्या कडेवरचे आकडे वाचा. शंभर सीसीच्या गाड्यांवर २.७५-१८ असा आकडा पुष्कळदा दिसतो. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. जुन्या टायरचा आकडा उतरवून न्या आणि मोठा टायर बसवण्याच्या फंदात पडू नका. पुढे ४२ असे असेल तर टायर १५० किलो पेलतो, ४८ असेल तर १८०. नवरा-बायको, दोन लेकरे आणि वर ज्वारीचे पोते, यातला बहुतेक भार मागच्या चाकावर येतो, हे लक्षात ठेवा. शिवाय चार आकडी तारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. स्वस्तात मिळणारा टायर कैक वर्षे पडून असेल तर त्याचे रबर कडक झालेले असते.

टायरसोबत ट्यूबही नवी टाका. कडेवर बाण असेल तर चाक त्याच दिशेने फिरते का, ते बसवतानाच पाहा. चिखलासाठी हवा कमी करायची सवय सोडा. कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी.

जीपवाल्या बांधवांना दोन गोष्टी. एका ॲक्सलवर दोन्ही टायर एकाच मापाचे आणि एकाच नक्षीचे असावेत. नक्षीच्या खाचेतली खूण १.६ मिलिमीटरची असते. रबर तिथपर्यंत झिजले की टायर बदलायचाच. रबर चढवलेला टायर पुढच्या चाकाला लावू नये, कारण तो फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. मागे दहा माणसांचे जीव बसलेले असतात.

आता एक खरे सांगतो. आमच्या काळ्या मातीत मोठा पाऊस झाला की कोणताच टायर चालत नाही. माती मडगार्डमध्ये भरते आणि चाकच फिरत नाही. त्या मुलाने टायर बदलून घेतला. फार चिखल असेल त्या दिवशी तो गाडी फाट्यावरच्या ओळखीच्या घरी लावतो आणि पाणंद पायी तुडवतो. पण लेकराला कडेवर घेऊन बाईने दीड किलोमीटर चिखल किती वर्षे तुडवायचा? म्हणून पाणंदीवर मुरूम टाकावा, असा अर्ज आम्ही ग्रामपंचायतीसाठी लिहून दिला आहे. वस्तीवर सह्या गोळा होत आहेत. तुमच्या वाटेचाही असा अर्ज लिहा, आणि तोवर टायर मात्र हिशेबाने घ्या.