बेल्ट लावायचा नसेल तर पाच तारे हवेत कशाला?

गाडी घ्यायचं ठरलं की हल्ली प्रत्येक घरात एक प्रश्न हमखास निघतो: "किती स्टारची आहे?" पूर्वी मायलेज आणि रिसेल एवढ्या दोन गोष्टींवर सौदा ठरायचा. आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या मांडवात, ऑफिसबाहेरच्या टपरीवर माणसं एकमेकांना तारे सांगतात. "आमची फाइव्ह स्टार आहे. तुमचं ते डबडं एक्स्प्रेसवेवर नेऊ नका," असं म्हणत दार आपटून त्याचा जड आवाजही ऐकवतात. आणि हाच माणूस संध्याकाळी सहकुटुंब जेवायला निघतो तेव्हा मागे आई बेल्टविना बसलेली असते, शेजारच्या सीटवर बायकोच्या मांडीवर तान्हं बाळ असतं आणि थोरला पोरगा पुढच्या दोन सीटांच्या मधे उभा राहून एसीची हवा खात असतो. याला सुरक्षिततेची जाणीव म्हणायला मी तयार नाही. हा शुद्ध बडेजाव आहे आणि तो घरच्यांच्या जिवावर चाललेला आहे.

तारे आले कसे, हे आधी आठवू. जानेवारी 2014 मध्ये गाड्यांची टक्कर चाचणी घेऊन त्यांना तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या आदळवून पाहिल्या. अल्टो 800, नॅनो, आय-10, फिगो आणि पोलो. मोठ्यांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य. तेव्हा कुठे आपल्याकडे कळलं की परदेशात धड बनणारी गाडी आपल्यासाठी बिनएअरबॅगची बनते. डिसेंबर 2018 मध्ये नेक्सॉनने पाच तारे मिळवले आणि भारतात बनलेल्या गाडीलाही ते जमतं हे सिद्ध झालं. 1 ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. दहा वर्षांत कंपन्यांना सुरक्षित गाड्या बनवणं भाग पडलं, ही मोठी कमाई आहे. ती मला मुळीच कमी लेखायची नाही.

पण या चाचणीचा व्हिडिओ तुम्ही नीट पाहिला आहे का? गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळते. पुढे दोन पुतळे बसवलेले असतात आणि दोघांनाही बेल्ट बांधलेला असतो. मागच्या सीटवर दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे असतात आणि ते चाइल्ड सीटमध्ये जखडलेले असतात. तारे मिळतात ते या स्थितीला. मुलांच्या सुरक्षिततेचे तर ते सरळसरळ चाइल्ड सीटसकटचे आहेत. तुम्ही बेल्ट काढलात, मूल मांडीवर घेतलंत, की ब्रोशरवर छापलेल्या त्या ताऱ्यांचा आणि तुमच्या घरच्यांचा काहीएक संबंध उरत नाही. ज्या अवस्थेत तुम्ही बसता त्या अवस्थेत ती गाडी कुणी तपासलेलीच नाही.

गणित शाळेतलं आहे. ताशी 50 ने जाणारी गाडी एकदम थांबली तर बेल्ट न लावलेला माणूस त्याच 50 च्या वेगाने पुढे जात राहतो. दहा मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडलेला माणूस जमिनीवर एवढ्याच वेगाने आदळतो. ताशी 80 ला हाच हिशेब 25 मीटरवर, आठव्या मजल्यावर जातो. मागे बसलेला माणूस समोरच्या सीटच्या पाठीवर जाऊन पडतो आणि बेल्ट लावून शहाण्यासारखा बसलेल्या पुढच्या माणसालाही घेऊन जातो. "मागे काय होतंय?" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून खाली बघावं.

आता अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात चला. काउंटरवर परफ्यूमच्या बाटल्या आणि मोबाइल होल्डर यांच्या शेजारी एका प्लास्टिकच्या डब्यात धातूच्या चकचकीत पट्ट्या असतात. पुढचं टोक हुबेहूब बेल्टच्या जिभेसारखं, मागे गाडीच्या कंपनीचा लोगो. शे-दोनशे रुपयांना मिळते. बकलमध्ये खोचली की गाडीला वाटतं बेल्ट लागला आणि बीप बंद होते. दुकानदार विचारतोही सहजपणे, "साहेब, क्लिप टाकू का? आवाजाचा त्रास जाईल." 1 जुलै 2019 पासून ही बेल्टची बीप नव्या गाड्यांना सक्तीची झाली, चालकाची एअरबॅगही त्याच दिवसापासून. म्हणजे जे यंत्र बसवायला सरकारला कायदा करावा लागला, ते मुकं करायला आपण पदरचे पैसे देतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा काढून टाकायचे आदेश दिले आणि तेरा हजारांवर जाहिराती उतरवल्या गेल्या. ग्राहकाला फसवणाऱ्या वस्तूंवर कारवाई करणाऱ्या संस्थेला, ग्राहकाने स्वतःहून मागितलेल्या वस्तूवर कारवाई करावी लागली. यापेक्षा लाजिरवाणं काय असणार?

त्याच दुकानात पुढचं काम होतं. सीट कव्हर. नव्या गाडीच्या सीटच्या बाजूला, शिवणीजवळ एक लहानसं लेबल असतं. तिथे आत साइड एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते आणि टक्कर होताच तिने ती शिवण फाडून बाहेर यायचं असतं. आपण तिच्यावर जाड रेक्झिनचं कव्हर ताणून बसवतो. मागच्या सीटवर तर कव्हरवाला बकलच आत दाबून टाकतो, कारण "बाहेर चांगलं दिसत नाही". नवीन गाडीत मागे बसून बेल्ट ओढला आणि तो अडकवायला बकल सापडलं नाही, असा अनुभव मला वारंवार येतो. विचारलं की मालक हसून सांगतो, "अहो, मागे कोण लावतंय!" पुढच्या बंपरवर लोखंडी क्रॅश गार्ड असतोच. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना पत्र पाठवून तो बेकायदा असल्याचं कळवलं. त्याने धक्का चुकीच्या जागी पोचतो, एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब बिघडतो आणि समोर आलेल्या पादचाऱ्याची हाडं मोडतात. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला, एअरबॅगच्या झाकणावरच देवाची मूर्ती चिकटवलेली असते. ती एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते. मूर्ती मग कुणाच्या चेहऱ्यावर जाईल, याचा विचार भक्तांनी करावा.

आणि सनरूफ! पुण्या-मुंबईच्या उकाड्यात आणि धुळीत वर्षातले किती दिवस ते उघडं ठेवता येतं? तरी शोरूममध्ये कुटुंब सगळ्यात आधी तेच मागतं. बाप ताशी 80 ने गाडी चालवतोय आणि सनरूफमधून दोन पोरं कमरेपर्यंत बाहेर, हे दृश्य लोणावळ्याच्या वाटेवर दर रविवारी दिसतं. जोराचा एक ब्रेक त्या पोरांना पुरेसा आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर चालकाला हजार रुपये दंड, असं मोटार वाहन कायद्याचं कलम 194 ब 2019 पासून सांगतं. किती गाड्यांत चाइल्ड सीट दिसते? काही हजारांत ती मिळते. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. वाचलेल्या पैशांत लोकांनी वरचं व्हेरिअंट घेतलं, मोठा स्क्रीन घेतला, सनरूफ घेतलं. मुलासाठी सीट घ्यायला सांगितलं की उत्तर येतं, "आम्हीही मांडीवर बसूनच मोठे झालो." तेव्हा रस्ते असे नव्हते, वेग असे नव्हते आणि समोर एअरबॅग नव्हती. आज पुढच्या सीटवर मांडीवर धरलेल्या बाळाच्या डोक्यावर एअरबॅग उघडली तर तीच त्याचा जीव घेते.

महाराष्ट्राने दोन मोठ्या अपघातांतून शिकायला हवं होतं. 3 जून 2014 च्या सकाळी दिल्लीत, विमानतळाकडे जाताना, केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे गाडीच्या अपघातात गेले. मंत्री होऊन आठवडा झाला होता. शहरातला रस्ता, मागची सीट, बेल्ट नाही. मागचा बेल्ट लोकांना शोभेचा वाटतो, हे दुःख तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी बोलून दाखवलं. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर महागडी जर्मन गाडी आदळली. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. दोघांनीही बेल्ट लावलेले नव्हते. गाडीत एअरबॅग भरपूर होत्या. महिनाभर चर्चा झाली, मुंबईत नोव्हेंबरपासून सगळ्यांना बेल्ट सक्तीचा झाला, आणि आज मागच्या सीटवर बेल्ट लावणाऱ्याकडे लोक भित्रा म्हणून बघतात. केंद्राच्या आकडेवारीप्रमाणे त्या एका वर्षात देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. त्यातल्या 16,715 जणांनी बेल्ट लावला नव्हता. दिवसाला जवळपास 46.

सबबी मला पाठ आहेत. गावातल्या गावात जायचंय. पोटाला आवळतो. साडी चुरगळते. गरोदर बाईला त्रास होतो. गावातच ताशी 50 चा वेग असतो. साडीला इस्त्री करता येते. गरोदर बाईने कमरेची पट्टी पोटाच्या खालून घ्यायची असते आणि तिने तर लावायलाच हवा, कारण तिथे दोन जीव आहेत. राहिली शेवटची सबब: "आधी रस्ते सुधारा." रस्ते भीषण आहेत, मुंबई-गोवा महामार्गाने कोकणाचा जो छळ मांडला तो माफ करण्यासारखा नाही, आणि त्यासाठी सरकारला धारेवर धरायलाच हवं. पण खड्ड्यात आपटून गाडी उलटली तर आत धरून ठेवणारी वस्तू बेल्टच आहे. रस्ता वाईट असेल तर बेल्टची गरज वाढते.

सरकारही धुतल्या तांदळासारखं नाही. सहा एअरबॅग ऑक्टोबर 2022 पासून सक्तीच्या करू म्हणाले, मग तारीख वर्षभर पुढे ढकलली आणि 2023 मध्ये सक्तीच करणार नाही म्हणून हात झटकले. ग्राहक आता सुरक्षित गाडी स्वतःहून मागतो, असं कारण दिलं गेलं. या ग्राहकावर विश्वास टाकणं ही चूक आहे. तो तारे मागतो आणि दुसऱ्या दिवशी क्लिप खोचतो. टोल नाक्यावर, सिग्नलला, मॉलच्या दारात मागच्या सीटवर वाकून बघणारा पोलीस उभा राहिल्याशिवाय आणि हजाराची पावती खरोखर फाडल्याशिवाय हा सुधारणार नाही. क्लिप विकणाऱ्या दुकानांवर छापे पडायला हवेत. बकल झाकणारं कव्हर बसवणाऱ्यालाही दंड हवा. डिलिव्हरीच्या दिवशी हार-पेढ्यांचा फोटो काढण्यात शोरूम अर्धा तास घालवते. त्यातली दहा मिनिटं घरातल्या प्रत्येकाला बेल्ट लावून दाखवायला सक्तीने द्यायला लावली पाहिजेत.

तोवर हे काम चालकाचं आहे. आज खाली पार्किंगमध्ये जा. मागच्या सीटच्या फटीत हात घालून तिन्ही बकलं वर काढा. कव्हर आड येत असेल तर कापा. क्लिप असेल तर कचऱ्यात टाका. आणि उद्या निघताना मागून बेल्ट लागल्याचा आवाज आल्याशिवाय गाडी हलवू नका. मागे सासरे असोत, साहेब असोत, गावचे पुढारी असोत, सरळ सांगा, "आधी बेल्ट, मग गाडी निघेल." कुणाला राग आला तर येऊ द्या.