गृहोपयोगी चार गोष्टी : मोटारीचें तेल बदलतांना

एंजिनाचें तेल घरीं बदलण्यास हरकत नाहीं. मात्र नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कदापि शिरूं नये. एंजिन किंचित् कोमट करून बंद करावें आणि खालीं वर्तमानपत्रें अंथरून पसरट भांडें ठेवावें. बूच सोडतांना आंत दाबून धरावें व शेवटीं झटकन् बाजूस घ्यावें, म्हणजे धार हातावर येत नाहीं. फिल्टर पिशवी चढवूनच काढावा. जुनें रबरी कडें मागें राहूं देऊं नये. नव्या कड्यास तेलाचें बोट लावून फिल्टर हातानेंच आवळावा. बूच नव्या वॉशरसह बसवून नरसाळ्यानें तेल ओतावें व पातळी दांडीवर पाहावी. जुनें तेल डब्यांत भरून अधिकृत पुनःप्रक्रिया करणाऱ्याकडे पोंचवावें. अंगण स्वच्छ राखून गटार नासविणें ही शुचिता नव्हे.