‘लाइक’ म्हणजे ‘पिआचेरे’ नव्हे

इटालियन माणसाला इंग्रजी शिकवणारं एखादं अ‍ॅप उघडा. पहिल्या काही धड्यांतच जोड्या लावायला येतात. डावीकडे ‘लाइक’, उजवीकडे ‘पिआचेरे’. बोट टेकवलं की हिरवी खूण, टुणकन आवाज, गुण जमा. शिकणारा खूश, अ‍ॅपवाला त्याहून खूश. माझं म्हणणं असं आहे की ही हिरवी खूण खोटी आहे. ‘लाइक’ या क्रियापदावर इटालियन लोकांच्या ज्या चुका पुढे आयुष्यभर काढल्या जातात, त्यांतल्या बऱ्याचशा या एका जोडीतून निघतात.

‘मला पिझ्झा आवडतो’ हे इटालियनमध्ये ‘मी पिआचे ला पित्सा’ असं होतं. (यातला ‘मी’ म्हणजे आपला ‘मी’ नाही बरं का. तो ‘मला’ आहे.) वाक्याचा कर्ता पिझ्झा. पुस्तकं अनेक असली की क्रियापद अनेकवचनी होतं, ‘मी पिआच्चोनो’. भूतकाळात तर मजाच आहे. सिनेमा पुल्लिंगी म्हणून ‘मी ए पिआचूतो’, पिझ्झा स्त्रीलिंगी म्हणून ‘मी ए पिआचूता’. बोलणारा बाई आहे की बाप्या, याच्याशी क्रियापदाला काही देणंघेणं नाही.

मराठी वाचकाला यात नवल ते काय वाटणार? सिनेमा आवडला, भाकरी आवडली, आंबे आवडले. आपलं ‘आवडणे’ आणि त्यांचं ‘पिआचेरे’ सख्खी भावंडं शोभतील अशी चालतात. वेगळं चालतं ते इंग्रजी. तिथे ‘आय’ कर्ता होऊन पुढे बसतो आणि पिझ्झा मुकाट कर्म होतो.

माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर ही दोन फंक्शन आहेत. काम तेच, पण आर्ग्युमेंटचा क्रम उलटा. माणूस आणि पिझ्झा यांची अदलाबदल झाली तर ऐकणारा चूक लगेच पकडतो, कारण पिझ्झाला माणसं आवडत नसतात. पण दोन्हीकडे माणसंच असली की? ‘ती पिआच्चो?’ म्हणजे ‘मी तुला आवडते का?’ क्रियापद प्रथमपुरुषी आहे. जोड्या लावून शिकलेली मुलगी क्रियापद बघते, ‘आय’ उचलते आणि विचारते, ‘डू आय लाइक यू?’ व्याकरण शुद्ध, वाक्य स्वच्छ, अर्थ बरोब्बर उलटा. एरर न देता चुकीचं उत्तर देणारा कोड सगळ्यात घातक, हे वेगळं सांगायला नको. ‘मी मांकी’चंही तेच. ‘मला तुझी उणीव भासते’ असं म्हणायचं असतं, आणि शब्दाला शब्द ठेवला की निघतं ‘यू मिस मी’.

आता ज्यांवर हसलं जातं, त्या चुका बघू. ‘डिड यू लाइक इट?’ असं विचारलं की इटालियन माणूस म्हणतो, ‘यस, आय लाइक.’ पुढचं ‘इट’ गायब. का? कारण ‘मी पिआचे’ हे पूर्ण वाक्य आहे. आवडलेली वस्तू कर्ता आहे आणि ती क्रियापदाच्या रूपातच शिरलेली आहे. आपणही ‘आवडलं’ एवढं एका शब्दात म्हणून मोकळे होतो. मग ‘आय लाइक व्हेरी मच द पिझ्झा’. इटालियनमध्ये ‘खूप’ क्रियापदाला चिकटून येतो आणि पिझ्झाच्या आधी ‘ला’ लागतोच. इंग्रजीला मात्र क्रियापद आणि कर्म यांच्या मधे कोणी घुसलेलं खपत नाही, आणि एकूणच पिझ्झा आवडत असेल तर ‘द’ नको असतो.

सगळ्यात अवघड जागा ‘वुड लाइक’ची. इटालियनमध्ये इथे ‘पिआचेरे’ बहुधा येतच नाही. ‘मला एक कॉफी हवी होती’ या नम्र सुरात ‘वोर्रेइ’ येतं आणि ते ‘इच्छिणे’ या वेगळ्या क्रियापदाचं रूप आहे. म्हणजे अ‍ॅपने शिकवलेली जोडी इथे मोडली, पण ते कोणी सांगितलेलं नाही. शिवाय ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’ म्हणताना इटालियनला ‘के’ लागतो, म्हणजे ‘की’, आणि पुढे इच्छा-शंका दाखवणारं क्रियापदाचं खास रूप. तो इमानदारीने ‘आय वुड लाइक दॅट यू कम’ म्हणतो. इंग्रजीला हवं असतं ‘आय वुड लाइक यू टू कम’. इथे ‘यू’ अर्धा कर्म, अर्धा कर्ता होऊन लटकतो. अशी रचना ना इटालियनमध्ये सरळ बसते, ना मराठीत. ती समोर ठेवून, उलगडून दाखवावी लागते. शंभर वेळा ऐकवून ती आपोआप उमगेल, असं मानणं हा शिकवणाऱ्याचा आळस आहे.

(‘व्हॉट इज शी लाइक?’ला ‘पास्ता आणि सिनेमा’ असं उत्तर मिळतं, ते प्रकरण निराळं. तिथला ‘लाइक’ क्रियापदच नाही.)

यावर ठरलेला सल्ला येतो. ‘थिंक इन इंग्लिश.’ जणू इंग्रजीची रचना हीच विचाराची नैसर्गिक रचना आणि बाकीचे उलटे लटकलेले. पण इंग्रजी स्वतः कुठे अशी होती? जुन्या इंग्रजीतलं ‘लिकियान’ हे क्रियापद थेट ‘पिआचेरे’सारखं चालायचं. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी हे समजावायला राजाचं आणि पेअर नावाच्या फळांचं वाक्य घेतलं होतं. मूळ वाक्यात ‘राजाला’ असतो, फळं कर्ता असतात, क्रियापद फळांप्रमाणे अनेकवचनी. पुढे शब्दांचे शेपटीचे प्रत्यय झिजून पडले. ‘राजाला’ आणि ‘राजा’ यांत फरक उरला नाही. राजा वाक्यात आधीच पुढे बसलेला होता, म्हणून लोकांनी त्यालाच कर्ता मानलं. सत्तांतर झालं ते इतक्या गुपचूप. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये, म्हणजे 1600च्या आसपाससुद्धा, हे क्रियापद जुन्या चालीने वापरलेलं सापडतं. ‘मीथिंक्स’ हा शब्द त्याच घराण्यातला, आपल्या ‘मला वाटतं’सारखा. तेव्हा इटालियन माणूस अडखळतो तो इंग्रजी ज्या वाटेवरून आली, त्याच वाटेवर.

वर्गात मातृभाषा बोलायचीच नाही, हा हट्टही जुना आहे. मॅक्सिमिलियन बर्लिट्झने 1878मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात शाळा काढली आणि हीच पद्धत जगभर नेली. कंपनी सांगते ती कथा अशी की त्याने फ्रेंच शिकवायला नेमलेल्या माणसाला इंग्रजी येतच नव्हतं, बर्लिट्झ आजारी पडला आणि तरी विद्यार्थी फ्रेंच शिकले. कथा छान आहे. धंद्यालाही सोयीची आहे, कारण मग शिक्षकाला विद्यार्थ्याची भाषा यायची गरज उरत नाही आणि एकच पुस्तक मिलानपासून मुंबईपर्यंत विकता येतं. जेम्स जॉइस याच साखळीतल्या शाळांमध्ये आधी पोला आणि मग 1905पासून त्रिएस्तेत इंग्रजी शिकवायचा. पण 1907पासून इतालो स्वेव्हो त्याच्याकडे शिकू लागला तो खासगी शिकवणीला. चाळिशी पार केलेला माणूस, सासरच्या रंगाच्या कारखान्याची लंडनला शाखा, म्हणून इंग्रजी हवी. अशा माणसाच्या डोक्यात आधीपासून एक अख्खी भाषा बसलेली असते. ‘लहान मुलं ऐकूनच शिकतात ना?’ असं म्हणणारे हे विसरतात की त्या मुलाजवळ आधीचं ‘पिआचेरे’ नसतं. मोठ्या माणसाजवळ असतं, आणि दार लावलं म्हणून ते घराबाहेर जात नाही. खिडकीतून आत येतं.

‘पण समजतं ना? मग काय बिघडलं?’ हाही एक युक्तिवाद. समजतं, खरंय. आमचं काम तोरिनोच्या एका टीमबरोबर चालतं. त्यांच्यातला एक सीनियर डिझाइन बघून म्हणाला, ‘आय लाइक, बट नॉट सो मच द सेकंड पार्ट.’ त्या सेकंड पार्टमध्ये खरोखर घोळ होता आणि तो त्याने अचूक हेरला होता. कॉल संपल्यावर आमच्या खोलीत चर्चा झाली ती त्याच्या ‘आय लाइक’ची. नक्कल करणारे कोण, तर घरी ‘मला आवडलं’ आणि ‘मुझे पसंद आया’ म्हणणारे. मुद्दा पुढच्या आठवड्यावर गेला. समजतं, पण बोलणाऱ्याचं वजन कमी होतं आणि त्याची किंमत त्याला पगारवाढीच्या वेळी कळते.

आपल्याकडचा उलटा नमुनाही बघण्यासारखा आहे. पुण्यात मी इटालियनच्या वर्गाला जात होतो. ‘पिआचेरे’ आलं तेव्हा फळ्यावर लिहिलं गेलं ‘टू बी प्लीजिंग टू’. वर्गातले जवळजवळ सगळे मराठी. वीस मिनिटं ‘द पिझ्झा इज प्लीजिंग टू मी’ असली वाक्यं चालली, जी कोणी इंग्रज जेवताना बोलत नाही. ‘आवडणे’ हा एक शब्द उच्चारला असता तर दोन मिनिटांत उरकलं असतं. पण वर्गात मराठी नको, असा नियम. इटालियनकडे जायला आम्ही लंडनमार्गे निघालो होतो.

फेसबुकने 9 फेब्रुवारी 2009ला लाइकचं बटण आणलं. इटालियन पडद्यावर त्यावर नुसतं क्रियापद नाही, ‘मी पिआचे’ असं अख्खं वाक्य आहे. लोकांनी पुढे त्याचंच नाम केलं, फोटोला किती ‘मी पिआचे’ मिळाले ते मोजतात. बटणावर जे वाक्य लिहिता येतं, ते धड्यातही लिहिता येईल. वर ‘मी पिआचे ला पित्सा’, खाली ‘आय लाइक पिझ्झा’. वरच्या ‘मी’पासून खालच्या ‘आय’पर्यंत एक बाण, ‘ला पित्सा’पासून ‘पिझ्झा’पर्यंत दुसरा. वर ‘ला पित्सा’खाली रेघ आणि कर्ता असं लिहायचं, खाली तीच रेघ ‘आय’खाली. आणि शेजारी, शिकणाऱ्याच्याच भाषेत, एक ओळ: इथे कर्ता बदलतो. त्यानंतर जोड्या लावायला द्या, पण सुट्या शब्दांच्या नाही, पूर्ण वाक्यांच्या. त्यांत एक वाक्य ‘ती पिआच्चो?’ असू द्या.