पंप खोलण्याआधी पंप तपासा



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खत यांवर लिहावे, डिझेलच्या पंपात कशाला हात घालावा, असे काहीजण म्हणतील. पण बारा-चौदा महिने राबून वाढवलेला ऊस तोडून फडात पडला आणि ट्रॅक्टर जागचा हलेना, तर माझे बेणे आणि तुमचे खत काय कामाचे? म्हणून हा विषय घेतला. यात माझीही एक चूक आहे, ती आधी सांगतो.

मागच्या हंगामात, पौषात, आमच्या गटातील एका सभासदाचा तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर त्रास देऊ लागला. अर्धा तास चांगला चाले, मग दम सोडी आणि बंद पडे. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू. रस्त्याकडेच्या मिस्त्रीने ऐकल्याबरोबर निकाल दिला, "पंप गेला." सभासदाने मला विचारले. मीही मान डोलावली. लिंबाखाली पोते अंथरून पंप खोलला. तिन्ही प्लंजर एकाच ताटलीत काढून ठेवले. कुठला कुठल्या बॅरलचा, याचा मेळ राहिला नाही. शेवटी पंप तालुक्याच्या दुकानात गेला आणि तिन्ही एलिमेंट नवे घालावे लागले. चार दिवसांनी पंप बसला, आणि ट्रॅक्टर अर्ध्या तासाने पुन्हा बंद!

मग एका जुन्या ड्रायव्हरने टाकीचे झाकण सैल केले. ट्रॅक्टर धावू लागला. झाकणातले हवा जायचे बारीक भोक चिखलाने बुजले होते. टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून डिझेल पुढे सरकत नव्हते. काडीने साफ होणाऱ्या भोकापायी चांगला पंप बिघडवला आणि तोडलेला ऊस चार दिवस वाळला.

हे नुकसान एकट्याचे नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे आपण जाणतो. वाळलेल्या उसाचे वजन घटते, ते मालकाचे जाते. साखर घटते, ती उताऱ्यातून सगळ्यांची जाते. एफआरपी उताऱ्यावर ठरते. म्हणजे एकाच्या पंपाचा भुर्दंड कोपऱ्यातल्या दहा गुंठेवाल्या सभासदालाही बसतो.

पंपाला एवढे जपायचे का? त्यातला प्लंजर आणि बॅरल यांच्यामधली जागा मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागाएवढी असते. आपल्या डोक्याचा केस याच्या वीसपट तरी जाड. एवढ्या घट्ट बसणीमुळेच डिझेल शेकडो किलोच्या दाबाने नोझलला जाते. तिथे धुळीचा कण गेला की ओरखडा पडलाच. बैलाची जोडी बदलता येते, या जोडीची अदलाबदल चालत नाही. म्हणून पंप ही झाडाखाली खोलायची वस्तू नव्हे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, आधी तपासा, मग खोला. तपासताना स्वस्तातून महागाकडे जा. पहिल्यांदा टाकीचे झाकण आणि जाळी. मग फिल्टर, आणि फिल्टरच्या तळाशी पाणी साठले आहे का ते. मग नळीच्या जोडातून इंजिन हवा घेते का ते. काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर झाडा. त्यानंतर नोझल काढून टेस्टरवर लावा. फवारा नीट पडतो की थेंब गळतात, ते तिथे दिसते. एवढे सगळे ठीक निघाले, तरच पंपाकडे बोट दाखवा. आणि बोट म्हटले म्हणून सांगतो, दाबाच्या नळीची गळती बोटाने कधीही चाचपू नका. ती धार कातडीतून आत शिरते. दिसायला टाचणीएवढी जखम, पण हात गमवायची वेळ येते. तसे झालेच तर दुखण्याची वाट न बघता दवाखाना गाठा.

पंप उतरवायचाच झाला, तर टायमिंगची खूण आधी करून ठेवा, नळ्यांची तोंडे बांधा आणि पंप न खोलता बेंच असलेल्या दुकानात न्या. तिथे तीन गोष्टी मागा: खोलण्याआधीचे रीडिंग, दुरुस्तीनंतरचे रीडिंग आणि काढलेले जुने सामान. बेंचवर प्रत्येक सिलिंडरचे डिझेल काचेच्या नळ्यांत मोजतात. ते सारखे पडले पाहिजे. जादा फेऱ्यांवर बरोबर आणि स्टार्टिंगच्या फेऱ्यांवर कमी पडले, तर एलिमेंट झिजले समजा. गरम इंजिन बंद केल्यावर पटकन उठत नाही, त्याचे हे एक कारण असते.

नुसते एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि सील गेले असतील, बॉडी आणि कॅमशाफ्ट चांगली असेल, तर पंप बांधून घ्यावा. आत पाण्याने गंज चढला असेल, बॉडीला तडा असेल, किंवा दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर नवा घ्यावा. बदली तयार पंप घेतला तर त्याचेही रीडिंग मागावे आणि नंबर आपल्या इंजिनाचाच आहे ना, ते पाहावे.

एक वाईट खोड मात्र मोडली पाहिजे. दोन ट्रॉल्या टिपाडाला भरायच्या आणि ओढत नाही म्हणून सील तोडून स्क्रूने "डिझेल वाढवायचे". त्याने दोन दिवस जोर आल्यासारखा वाटतो. पुढे काळा धूर, जास्त डिझेल आणि जळालेला पिस्टन. जो मिस्त्री सील तोडतो, त्याच्याकडून ट्रॅक्टर परत न्यावा.

नव्या ट्रॅक्टरवाल्यांनी तर जास्त जपावे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यांतल्या बऱ्याच ट्रॅक्टरांत कॉमन रेल आहे. त्याचा दाब हजार किलोच्याही वर जातो. जुन्या सवयीने चालू इंजिनावर नळीचा नट सैल करून बघणे इथे जिवावर बेतेल.

आता कारखान्याला माझी सूचना. वाहतूक करारात आपण टायर, ट्रॉली, विमा पाहतो. त्यात नोझल-पंपाच्या तपासणीचा कागद का नसावा? भाद्रपद-आश्विनात, मोळी पडण्याआधी, गटवार तपासणी ठेवावी आणि तिचा खर्च उचलीतून वेगळा काढावा. "एक दिवस मोडतो" अशी तक्रार येईल. पण भाद्रपदात एक दिवस मोडला तर कुणाचा ऊस वाळत नाही. पौषात चार दिवस मोडले, ते मी डोळ्यांनी पाहिले. "दुकानदार खरेच सांगेल कशावरून?" असेही कोणी म्हणेल. म्हणूनच खोलण्याआधीचे रीडिंग मागायचे. तो आकडा हातात असला, की न बिघडलेल्या पंपाची दुरुस्ती कुणी गळ्यात मारू शकत नाही.

त्या सभासदाचे पैसे मी परत देऊ शकत नाही. पण यंदा माझ्या गटात कुणी "पंप गेला" म्हटले, की मी आधी विचारणार आहे, "टाकीचे झाकण काढून पाहिले का?" तुम्हीही विचारा.

— ऊस विकास अधिकारी